लेकुरवाळीच्या घरचं झबलं

घाटंजीच्या बाजारात जुन्या कपड्यांच्या ढिगापाशी सुरभी येऊन उभी राहिली की ढीगवाली कोकिळा सावध व्हायची. बाकीच्या बायका ढिगात हात घालून उकरत, रंग दिसला की ओढत आणि घरी गेल्यावर काखेत उसवलेलं निघालं की कोकिळाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. सुरभी आधी नुसती बघायची. मग कपडा उलटा करायची, कारण तिच्या मते सुलटा कपडा खोटं बोलतो, उलटा बोलत नाही. काखेचा वास घ्यायची, शिवण दोन अंगठ्यांत धरून ताणायची, कापड उन्हाकडे धरून कुठं विरलंय ते पाहायची, खिशाचं झाकण उचलून खालचा रंग वरच्या रंगाशी ताडून बघायची. आणि जे मनात भरलं ते खाली ठेवून त्याला पुन्हा बोटसुद्धा लावायची नाही. त्याच्या शेजारचं उचलून त्याला नावं ठेवत बसायची, आणि जाता जाता "बरं, मंग हेच दे" म्हणून हवं ते पिशवीत टाकायची. कोकिळाला हे सगळं ठाऊक होतं, तरी दर बाजारी ती फसायची.

धाकटा दीर पिंटू ज्या कोटात बोहल्यावर उभा राहिला, तो ह्याच ढिगातला. लग्नात वाजंत्र्यांपासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांनी कोट वाखाणला. कुणी विचारलं, नागपूरचा का हो? सासूनं "हो, तिकडचाच" म्हणून वेळ मारून नेली. जुनं घ्यायची त्या घराला लाज नव्हती, जुनं म्हणायची होती.

पिंटूची बायको निकिता घरात आली आणि सुरभीला शागीर्द मिळाली. दोघी जावा बाजाराला बरोबर जायच्या. "पाय, कापड मऊ पडलं असलं तं चालते," सुरभी तिला शिकवायची. "धुतल्यानंही मऊ पडते. पन घातलेलं कुठं दिसते? काखेत, गळ्याजवळ, कोपरावर, बसाच्या जागी. तिथं कोरं असलं का समज, मालकानं घेतलं अन् पेटीत ठेवलं. तेच आपलं." निकिता मान डोलवायची, आणि पुढच्याच ढिगातून गळ्याशी चुरगळलेला झगा उचलून "हे कसं हाय, ताई?" म्हणायची. सुरभी कपाळावर हात मारून घ्यायची. दोघी हसायच्या.

दोघींचं जमलं त्याला कपड्यांपलीकडेही कारण होतं. सुरभीच्या लग्नाला तप उलटून गेलं तरी कूस उजवली नव्हती. दवाखाने झाले, नवस झाले, मग नवरा नयन त्या विषयावर बोलेनासा झाला आणि गाव जास्तच बोलायला लागलं. निकिताची कूस उजवायची, पण टिकायचं नाही. पहिलं पाचव्या महिन्यात गेलं. दुसरं जन्मलं, रडलं, आणि दिवस मावळायच्या आत गेलं. एका घरात दोन दुःखं असली की बायका एकमेकींची मोजमापं काढतात. ह्या दोघींनी तसं कधी केलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

निकिताला तिसऱ्या खेपेचा नववा लागला, तेव्हा सासूनं, तुळसाबाईनं, फर्मान काढलं. "ह्या वेळी दुकानातलं कोरं कापड लेकराच्या अंगाले लागू द्याचं नाही. मागच्या खेपी पिंट्यानं हौसेनं नवं आनलं, काय झालं ते पाह्यलं न? लेकुरवाळीच्या घरचं झबलं मागून आना."

तान्ह्याला आधी जुनं घालावं ही रीत तशी घरोघरची. पण ज्या घरात लेकरं टिकत नाहीत त्या घरानं भरल्या घराच्या दारात जाऊन मागून आणायचं असतं. मागून, विकत नाही. दहा लेकरांच्या अंगावर फिरून फाटलेलं असेल तितकं चांगलं. त्या कपड्यातलं पोर नशिबाला त्याच घरचं वाटतं आणि तिथल्यासारखंच जगतं, अशी समजूत. आणि गावात लेकुरवाळी म्हटली की शकुबाईच. तिची सगळी लेकरं जगली, वाढली, त्यांना लेकरं झाली. तिच्या घरी एक-दोन झबल्यांवर अख्खी पलटण मोठी झाली असं लोक हसून सांगत.

"सुरभे, तूच जाय," सासू म्हणाली. "माहे गुडघे धड नाही, अन् जुन्या कपड्यातलं तुलेच समजते."

शकुबाईच्या दारात झबलं मागायला आपण कोणाला पाठवतोय, एवढा विचार तुळसाबाईच्या डोक्यात आला नाही. ती वाईट बाई नव्हती. डोक्यात एका वेळी एकच गोष्ट राहायची, आणि तेव्हा तिथं नातवंड होतं. सुरभीनं नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि ते तोंडानं सांगायचं म्हणजे गाव जे पाठीमागं बोलतं ते आपणच पुढ्यात ठेवायचं. ती पिशवी घेऊन निघाली. बाजाराचा दिवस होता, शकुबाईकडून परस्पर घाटंजीला जाते म्हणाली.

शकुबाईच्या अंगणात कडुनिंबाखाली खाट टाकलेली होती. तिची लेक बाळंतपणाला आलेली. खाटेवर नातू उघडाच पडून पाय झाडत होता आणि शकुबाई त्याला तेल चोळत होती. सुरभीनं फाटकाच्या कडीला हात लावला. कडी वाजली. शकुबाईनं वर पाहिलं, सुरभीला पाहिलं, आणि मान वळवून घराकडे हाक दिली, "लेकराले आत घे वं. ऊन लागून राह्यलं त्याले."

ऊन नव्हतं. निंबाची दाट सावली होती. लेक धावत आली, तेलानं माखलेलं पोर दुपट्यात गुंडाळलं आणि आत गेली. तिच्यामागं शकुबाईही तेलाची वाटी उचलून आत गेली, 'ये' म्हणाली नाही, 'जा' म्हणाली नाही. रिकामी खाट आणि कडीवरचा आपला हात, एवढंच सुरभीपुढं उरलं. असं तिच्या बाबतीत पहिल्यांदा झालं नव्हतं. बारशाला पाळण्याची दोरी तिच्या हाती येण्याआधी कुणी तरी हळूच घ्यायचं, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. पण आज ती स्वतःसाठी आली नव्हती. तिनं कडीवरचा हात काढला आणि घाटंजीच्या ऑटोत जाऊन बसली.

कोकिळानं ढिगामागं मोबाईलनं पैसे घ्यायची पाटी लावली होती आणि नवा गठ्ठा नुकता सोडला होता. गल्लोगल्ली स्टीलची भांडी देऊन जुने कपडे घ्यायचे आणि बाजारात ढीग घालायचा, असा तिचा धंदा. सुरभीनं ढिगाकडे पाहिलं, आणि तिची नजर अगदी आपोआप त्या झबल्यावर जाऊन थांबली. पांढरं मलमल. छातीवर पिवळ्या दोऱ्यानं काढलेल्या चिमण्या. हातशिलाई. उलटं करून पाहिलं तर आत शिवणच नाही, शिवणारीनं सगळ्या शिवणी बाहेरच्या बाजूला घेतल्या होत्या, तान्ह्याच्या कातडीला टोचू नये म्हणून. कापड लोण्यासारखं मऊ, पण काख स्वच्छ, गळा स्वच्छ, बंदांचा पीळसुद्धा उलगडलेला नव्हता. दुधाचा एक डाग नाही. एवढ्या वर्षांत इतका सरस कपडा तिच्या हाती लागला नव्हता.

जुनंच पाहिजे ना? हे जुनं होतं. कुणाच्या तरी घरचंच होतं. शकुबाईच्या घरचंच पाहिजे असं त्या अर्भकाला काय समजणार होतं! तिनं झबलं सरळ हातात उचललं, शेजारच्याला नावं ठेवली नाहीत, घासाघीस केली नाही. कोकिळा तोंडाकडे पाहत राहिली. "आज क्या हुआ, बहेन? भाव नाय केला?"

"याचा भाव कराचा नसते," सुरभी म्हणाली.

घरी तिनं झबलं सासूच्या हातात दिलं. सासूनं "शकुबाईनं देल्लं?" विचारलं आणि ती "हो" म्हणाली. बस, एवढंच. एक अक्षर. सासूनं झबलं कपाळाला लावून देवापुढं ठेवलं. निकितानं त्या चिमण्यांवरून बोट फिरवलं आणि तिचे डोळे भरून आले. "किती जपून ठेवलं होतं पाहा त्यायनं," ती म्हणाली. "अन् तुम्ही मागून आनलं, ताई. माह्यासाठी." ती काय म्हणते आहे ते सुरभीला कळलं. निकिताला कळत होतं सुरभीला त्या दारात जाणं किती जड गेलं असेल. आणि ज्या धाडसाचं कौतुक चाललं होतं ते सुरभीनं केलंच नव्हतं. त्या रात्रीचं जेवण तिला गोड लागलं नाही.

मुलगी झाली. रडली, दूध ओढलं, आणि दुसऱ्या दिवशीही होती, तिसऱ्याही. दवाखान्यात नर्सनं पोरीला पुसून आणलं तेव्हा सासूनं हात पुढं केले होते, पण निकिता खाटेवरून म्हणाली, "आधी ताईजोळ द्या. झबलं ताईच घालतीन." सुरभीनं झबलं घातलं. बंद बांधताना तिची गाठ दोनदा चुकली आणि सगळ्यांना वाटलं, आनंदानं.

आनंद होताच, तो खोटा नव्हता. पुढचे दिवस सुरभीच्या आयुष्यातले सगळ्यांत भरलेले दिवस होते. पोरीची आंघोळ तिच्या पायांवर, तेल तिच्या हातचं, झोप तिच्या मांडीवर. शेजारणी पाहायला आल्या की एखादी भुवई उंचावायची, पण सासू ठसक्यात सांगायची, "हिनंच आनलं झबलं लेकुरवाळीच्या घरून," आणि भुवई खाली यायची. ज्या मांडीवर गावानं आजवर लेकरू दिलं नाही, ती मांडी आता शुभाची झाली होती. ते सगळं एका 'हो' वर उभं होतं. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही उगीच नाही. पोरगी मांडीवर झोपली की सुरभी सुखानं बघत बसायची, आणि मधेच छातीत काहीतरी टोचायचं. बारशाला शकुबाईला बोलावून लुगडं द्यायचं सासूनं ठरवलं होतं, आणि ते आठवलं की टोचणं वाढायचं. मागच्या वेळचा धसका होता, म्हणून बारसं दीड महिन्याची सुई झाल्यावर करायचं होतं.

सुई टोचली. ताप येईल, घाबरू नका, असं उपकेंद्रातल्या सिस्टरनं बजावून सांगितलं होतं, औषधाची बाटलीही दिली होती. ताप आला. कोणी घाबरलं नाही. निकिता तर आधीच्या दोन खेपांनी इतकी पोळलेली, पण ती म्हणाली, "सुईचाच हाय. अंगात झबलं हाय न आपलं." रात्रभर पोरगी कण्हत होती. सकाळी सुरभीनं दूध ओकलेलं झबलं अंगातून काढलं, पोरीला मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळून निकिताजवळ दिलं, आणि मोरीवर धुवायला बसली.

गळ्याशी दुधाचा पिवळा डाग पडला होता, तो साबणानंही जाईना. काखेत कापड थोडं विरलं होतं. एका बंदाचा पीळ पार सुटून सुतं निघाली होती. हातच्या सवयीनं तिनं झबलं उलटं केलं, उजेडाकडे धरलं, आणि मनात हिशेब मांडला. हा डाग आपल्या पोरीचा. हे विरलं ते आपल्या पोरीनं हात झाडून झाडून. दीड महिन्यात एवढं होतं.

आणि आणलं तेव्हा एकही खूण नव्हती.

तान्हं पोर तासाभरात ओकतं. अर्ध्या दिवसात कपडा ओला करतं. हे झबलं ज्याच्यासाठी शिवलं त्यानं ते एकदाही ओकून भरवलं नव्हतं. शिवलं, पाण्यात मऊ केलं, घडी घालून ठेवलं, आणि घालायला कोणी उरलं नाही. नाहीतर एवढ्या मायेनं शिवलेलं, शिवणी बाहेर घेऊन शिवलेलं झबलं कोणती आई भांडेवालीच्या गठ्ठ्यात टाकील? डोळ्यांपुढं नको झालेलीच वस्तू माणूस अशी देऊन टाकतं. आयुष्यभर जिनं कमी वापरलेलं हेरलं, तिनं इथंही तेच हेरलं होतं. जिथं दहा लेकरांनी फाडलेली चिंधी पाहिजे होती, तिथं ती मेलेल्या लेकराचं कोरं झबलं घेऊन आली होती, आणि वर स्वतःवर खूश झाली होती.

ते तिथंच चुलीत घालावं असं तिला वाटलं. पण मग निकिता विचारणार, झबलं कुठं गेलं? काय सांगणार? सांगितलं तर पुन्हा पोरगी मांडीवर येईल? वांझोटीनं मुद्दाम मेलेल्याचं आणलं, असं म्हणायला गावाला किती वेळ लागणार होता! सुरभीनं झबलं पिळलं, झटकलं आणि दोरीवर वाळत घातलं. मग घाटंजीला जाऊन येते म्हणाली. बाजाराचाच दिवस होता.

"पिवळ्या चिमन्यावालं," ती कोकिळाला म्हणाली. "कोनाच्या घरचं होतं वं ते?"

कोकिळानं आधी उडवून लावलं. "कपड्याचं गाव नाय विचारायचं, बहेन. कितने घर, कितने गठ्ठे." पण सुरभी हलेना, तेव्हा ती घडी घालता घालता थांबली. "आठवते मले ते. टोपडी होती, दुपटी होती, सगळ्यावर त्याच चिमन्या. यवतमाळकडची होती बाई. मी म्हनलं, काय देऊ, परात घेते का डबा? ती म्हने, कायबी नको, असंच ने. या धंद्यात फुकट कोन देते?"

"काहून नाही घेतलं तिनं भांडं?"

"नाय विचारलं मी," कोकिळा म्हणाली. "असं विचारायचं नसते." आणि ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

परतीच्या ऑटोतून सुरभी शकुबाईच्या दाराशीच उतरली. ह्या वेळी तिनं कडी उघडली आणि सरळ अंगणात गेली. लेकीचं पोर आत रडत होतं, दार अर्धं लोटलेलं होतं. शकुबाई ओट्यावर तूर निवडत बसली होती. तिनं सूप बाजूला सारलं. "बस."

सुरभी बसली नाही. "शकुबाई, एक झबलं पायजे. तुमच्या लेकरायच्या अंगावरचं. जुन्यातलं जुनं."

"तुही सासू तं परवा गुडघे धरत धरत येऊन गेली," शकुबाई म्हणाली. "म्हने, तुम्ही झबलं देल्लं म्हून पोरगी जगली, बारशाले या, लुगडं काढून ठेवलं."

सुरभी ओट्याच्या कडेला टेकली. "मंग? तुम्ही काय म्हनलं?"

"काय म्हनू? हो म्हनलं." शकुबाई आपल्या हातांकडे पाहत होती. "तू त्या दिवशी फाटकावरून वापस गेली, म्या पाह्यलं. आत जाऊन खिडकीतून पाह्यलं. ऊन नोतं त्या दिवशी." तिनं सूप पुन्हा पुढं ओढलं. "माही पोरगी ओली बाळंतीन. मले भेव वाटलं, सुरभे."

"मले समजते," सुरभी म्हणाली. तिला ते म्हणायचं नव्हतं. इतक्या वर्षांत कुणी पहिल्यांदा तोंडावर कबूल केलं होतं, तेव्हा चार शब्द सुनवायचा तिचा हक्क होता. पण सकाळपासून आपण स्वतः कशाला भ्यालो आहोत ते तिला आठवलं. एका कपड्याला. ज्या भयापायी शकुबाईनं पोर आत नेलं तेच भय घेऊन ती आज गावभर पळत होती, मग ती कोणत्या तोंडानं शकुबाईला बोलणार?

शकुबाईनं पेटीतून झबलं काढून आणलं. मूळचा रंग कोणता ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. पाठीला ठिगळ, ठिगळाला ठिगळ, एक बंद लुगड्याच्या काठाचा. कोकिळाच्या ढिगात असतं तर सुरभीनं पायानं बाजूला केलं असतं. तिनं ते पदरात घेतलं.

"सांगजो, शकुबाईनं दोन देल्ते," शकुबाई म्हणाली. "मीही तेच सांगतो. कोनाले काही समजत नाही."

सुरभी घरी आली तेव्हा ताप उतरला होता. पोरगी घामेजून टवटवीत दिसत होती आणि तिच्या अंगात पिवळ्या चिमण्या होत्या. दोरीवरचं झबलं वाळल्याबरोबर निकितानं घातलं होतं. सुरभीला पाहताच निकितानं नेहमीसारखी पोरगी उचलून तिच्या मांडीवर दिली. "घ्या, दुपारपासून तुम्हालेच शोधून राह्यली."

सुरभीनं पदरातलं ठिगळाचं झबलं काढलं. "निकिता, हे घाल तिले. शकुबाईनं आनखीन एक देल्लं. हे काढून टाकू."

"कायले?" निकिता हसली. "एवढ्या तापात यानंच सांभाळलं तिले. तुमच्या हातानं आलेलं हाय हे, ताई. म्या तं ठरवलं, पोरगी मोठी झाली का हे धुऊन ठेवतो. तुम्हाले लेकरू झालं का त्यालेही हेच घालू. तुम्ही माह्यासाठी त्या दारात गेल्या, म्या विसरन का?"

शकुबाईचं खोटं तयार होतं. नुसतं उचलून वापरायचं होतं. दोन दिवसांनी चिमण्यांचं झबलं उंदरानं कुरतडलं म्हणून सांगता आलं असतं, आणि सगळं सुखानं चाललं असतं. पण निकिता ते जपून ठेवणार होती, सुरभीच्या न झालेल्या लेकरासाठी. त्या बाईनं न घेतलेली परात सुरभीला आठवली आणि तिला पुढं खोटं बोलवेना.

"मी गेली नाही त्या दारात," ती म्हणाली. "फाटकावरून वापस आली. हे शकुबाईचं नोहे. हे कोकिळाच्या ढिगातलं."

मग तिनं सगळं सांगितलं. तेल चोळलेलं पोर, नसलेलं ऊन, स्वच्छ गळा, यवतमाळकडची बाई. सांगताना ती पोरीकडेच पाहत होती, कारण निकिताकडे पाहण्याची तिची छाती नव्हती. पोरगी तिच्या पदराचं टोक मुठीत धरून पडली होती.

निकितानं चिमण्यांच्या झबल्याची बाही चिमटीत धरली. मग तिनं विचारलं, "हे तुम्हाले कवा समजलं? आनलं तवा माहीत होतं?"

"नाही वं माय. आज समजलं. सकाळी धुताना."

"सकाळी." निकिता शब्द जुळवत होती. "मंग वाळत काहून घातलं?"

सुरभी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

"तुम्हाले तं वाटत होतं न, हे वाईट हाय म्हून? घाबरूनच गेल्या न बाजारात? मंग दोरीवर कायले ठेवलं? म्या घातलं न तिले, तापात, दुपारी."

"मले भेव वाटलं," सुरभी म्हणाली.

"कायचं?"

"तुले समजलं तं तू हिले माह्या मांडीवर देनार नाही, याचं."

बोलून झाल्यावरच तिला आपण काय बोललो ते नीट ऐकू आलं. कपड्यात काही वाईट असो की नसो. तिला ते आहे असं वाटत होतं, आणि तसं वाटत असतानाही तिनं तो कपडा ह्या पोरीच्या अंगात जाऊ दिला होता, आपली मांडी रिकामी होऊ नये म्हणून. शकुबाईनं भिऊन निदान आपलं लेकरू आत नेलं होतं. हिनं तेही केलं नव्हतं.

निकितानं पुढं होऊन पोरीला उचललं. हिसकावलं नाही. मुठीतलं पदराचं टोक तिनं एकेक बोट उकलून सोडवलं, खाटेच्या कडेला बसली आणि पोरीला गुडघ्यांवर घेतलं.

"मले राग नाही आला, ताई," ती म्हणाली. "पन आता मलेही भेव वाटून राह्यलं."

तिनं चिमण्यांच्या झबल्याचे बंद सोडले, ते काढून जमिनीवर ठेवलं आणि ठिगळाचं उचललं. दुपारी तिनं कसंबसं घातलं होतं, पण तान्ह्याला कपडा घालायची तिला सवय नव्हती. दीड महिना ते सगळं सुरभीच करत आली होती. झबल्याच्या बाहीत पोरीचा हात कोपरापाशी अडकला, पोरगी किंचाळून रडायला लागली, निकितानं ओढलं तसा तो आणखीच अडकला. आधी आपली दोन बोटं बाहीतून घालायची आणि आतून मूठ धरून हळूच बाहेर घ्यायची, एवढंच होतं. सुरभीचे हात आपोआप पुढं झाले, आणि तिनं ते आपले आपण मागं घेतले.